ट्रकच्या खेळात रंगाचा डबा खेळाडूच्या हाती द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत संगणकीय खेळांवर अधूनमधून लेख येतात आणि मी ते आवर्जून वाचते. नवे नकाशे, नव्या गाड्या, ग्राफिक कार्ड, फ्रेमचा वेग यांची चर्चा त्यात भरपूर असते. ट्रक चालवण्याच्या सिम्युलेशन खेळांबद्दल लिहिताना मात्र एक गोष्ट दरवेळी सुटते, आणि नेमकी ती माझ्या रोजच्या कामाची आहे: गाडीचा रंग.

मी वाहनांच्या रंगाची शेड जुळवण्याचे काम करते. चेपलेला दरवाजा ठोकून, लांबी (पुट्टी) भरून, घासून तयार झाला की उरलेल्या गाडीत बेमालूम मिसळून जाईल असा रंग त्याच्यासाठी बनवून द्यायचा, ही माझी जबाबदारी. ते काम आटोपले की संध्याकाळी मी स्टिअरिंग व्हील जोडते आणि ट्रक चालवायला बसते. लांबचा रस्ता, एका लयीत चालणारे इंजिन आणि आरशात मागे दिसणारा ट्रेलर यांत मला जी विश्रांती मिळते ती दुसऱ्या कशात मिळत नाही. म्हणूनच या खेळांत रंगाची जी हेळसांड होते ती मला लागते. मी खेळते त्या खेळाचे नाव घेत नाही, कारण या प्रकारचे जे खेळ मी हाताळले त्या सगळ्यांत कमी-अधिक हेच चित्र आहे.

गॅरेजमध्ये गाडी नेली की समोर तयार डिझाइन मांडलेली दिसतात. त्यातले एक निवडायचे, त्यातले दोन-तीन रंग बदलायचे, खेळातले पैसे भरायचे आणि बाहेर पडायचे. डिझाइन आवडले पण दारावरचा पट्टा नको, असे म्हणायची सोय नाही. पट्टा हवा, पण चार बोटे खाली हवा, तेही जमत नाही. कॅब, म्हणजे चालकाची केबिन, लाल आणि बंपर काळा हवा असेल, तर त्या मॉडेलसाठी कुणी तशी जोडी आधीच करून ठेवलेली असली पाहिजे. खेळाडू कुरकुरले की निर्माते आणखी डिझाइनांचा संच आणतात. तो संच घेतला की पंधरा दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच. कितीही डिझाइन वाढवली तरी ही भूक भागणार नाही, असे माझे ठाम मत आहे. खेळाडूच्या हातात मास्किंग टेप, रंग फवारायची गन आणि रंगाचा डबा द्यायला हवा.

खऱ्या गाडीवर रंग थराथराने चढतो. पत्र्यावर प्रायमर, त्यावर सरफेसर, मग बेस कोटचे दोन-तीन हात आणि शेवटी क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा थोडे जास्त. रंग असतो तो बेस कोटमध्ये, चमक येते ती क्लिअर कोटमुळे. मॅट गाडी हवी असेल तर बेस तोच ठेवून क्लिअर बदलायचा. खेळात मात्र मॅट लाल आणि चमकदार लाल हे दोन वेगळे माल असल्यासारखे दोन वेगळ्या रांगांत ठेवलेले असतात. एका बाजूला रंग आणि दुसऱ्या बाजूला फिनिश निवडू द्यावे, इतकी ही साधी बाब आहे.

मेटॅलिकबद्दल मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण आमच्या कामात सगळ्यांत जास्त घाम हाच रंग काढतो. मेटॅलिकच्या बेस कोटमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक चपटे कण असतात. पॅनलवर ते आडवे पसरलेले असतात, त्यामुळे समोरून पाहिले तर प्रकाश परतून येतो आणि रंग उजळ दिसतो. तिरके पाहिले की तोच पत्रा गडद होतो. या उजेड-अंधाराच्या फरकावरच मेटॅलिकचे सगळे सौंदर्य आहे. आमच्याकडचा स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग मोजणारे यंत्र, म्हणूनच एका पॅनलचे माप १५, २५, ४५, ७५ आणि ११० अंश अशा अनेक कोनांत घेतो. ४५ ला तंतोतंत जुळलेली शेड ११० ला फसली तर ती नापास, कारण ग्राहक गाडीभोवती फिरणारच. डबा तोच, गनही तीच, पण हात कोरडा गेला तर चंदेरी रंग उजळ येतो आणि ओला गेला तर गडद. कण मोठे असले तर उन्हात ठिणग्यांसारखे चमचमतात, बारीक असले तर सगळा पत्रा रेशमी दिसतो. पर्लमध्ये, म्हणजे मोत्यासारखी झाक असलेल्या रंगात, धातूऐवजी अभ्रकाचे कण असतात, त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो, आणि त्या लेपाच्या जाडीनुसार कडेने निळसर, सोनेरी किंवा हिरवट झाक उठते.

हे सगळे संगणकाला जमणार नाही असे कुणी म्हणेल, तर तसे नाही. चेक प्रजासत्ताकातल्या एससीएस सॉफ्टवेअरने ऑक्टोबर २०१२ मध्ये आणलेला यूरो ट्रक सिम्युलेटर २ हा खेळ मॉड, म्हणजे खेळात हौसेने केलेले बदल, बनवणाऱ्यांना चांगला परिचयाचा आहे. त्यात रंगाची व्याख्या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. मूळ रंग, कुठला रंग कुठे बसवायचा ते दाखवणाऱ्या चित्राच्या लाल, हिरव्या आणि निळ्या भागांना मिळणारे तीन रंग, धातूच्या कणांचा रंग, त्यांची दाटी, त्यांची चमक, आणि कोन बदलला की दिसणारा दुसरा रंग, इतक्या नोंदी त्या फाइलमध्ये करता येतात. थोडक्यात, खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला मेटॅलिक कळते. कणांची दाटी आणि आकार यांच्या सरकपट्ट्या गॅरेजच्या पडद्यावर आणल्या, तर माझ्यासारखी माणसे तासन्‌तास तिथेच रमतील.

त्याच पडद्यावर उजेड बदलण्याचीही सोय हवी. आम्ही प्रत्येक नमुना किमान दोन प्रकाशांत पाहतो: एक दिवसाच्या उजेडाचा प्रमाण प्रकाश, ज्याला डी ६५ म्हणतात, आणि एक जुन्या पिवळ्या दिव्यासारखा, ज्याला ए म्हणतात. एका प्रकाशात जुळलेल्या दोन शेड दुसऱ्या प्रकाशात वेगळ्या पडू शकतात. खेळातले गॅरेज बहुधा पिवळ्या दिव्यांनी उजळलेले असते. तिथे निवडलेला मऊ सायीसारखा पांढरा रंग बाहेर दुपारच्या उन्हात निळसर दिसतो, मग पुन्हा गॅरेज, पुन्हा पैसे. रंग निवडतानाच ऊन, ढग, पाऊस आणि रात्र अशी चार बटणे असतील तर हा हेलपाटा वाचेल. पावसाचे बटण मी मुद्दाम मागते आहे. ओल्या पत्र्यावर मॅट रंगसुद्धा चमकतो आणि गडद होतो, आणि हे खेळ पावसात फार सुंदर दिसतात.

आता रंगाच्या क्रमांकाबद्दल. माझ्या दृष्टीने ही सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत तातडीची सुधारणा आहे. आम्ही काही खेळाडू मिळून ताफ्याने गाड्या काढतो. सगळ्यांचा रंग एक असावा असे ठरले. खेळात रंग निवडण्यासाठी एक रंगीत चौकोन आणि बाजूला एक पट्टी आहे, आकडा लिहायची सोय नाही. साध्या पडद्यावर लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या धरल्या तर एकूण १,६७,७७,२१६ रंग होतात. त्या चौकोनात माउसने दुसऱ्याचाच बिंदू पकडणे म्हणजे निव्वळ नशीब. कुणी सुचवले की एकाने आपल्या ट्रकचे चित्र पाठवावे आणि बाकीच्यांनी त्यावरून रंग उचलावा. पण चित्रात दिसतो तो ऊन, सावली आणि आकाशाचे प्रतिबिंब मिसळलेला रंग. डब्यातला रंग त्यातून मिळत नाही. ताफा रस्त्याला लागला तेव्हा प्रत्येकाचा निळा वेगळा होता, कुणाचा जांभळ्याकडे झुकलेला, कुणाचा मोरपंखी. एकमेकांच्या मागे उभ्या केलेल्या त्या गाड्या पाहून मला अक्षरशः कसेसे झाले.

खऱ्या जगाने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. जर्मनीत १९२७ मध्ये रॅल नावाची रंगांची सूची सुरू झाली तेव्हा तिच्यात ४० रंग होते. आज तिच्यातल्या मूळ संचातच दोनशेहून जास्त रंग आहेत आणि प्रत्येकाला चार आकडी क्रमांक आहे. ३०२० म्हटले की ट्रॅफिक रेड, ५०१० म्हटले की जेन्शियन ब्लू, मग रंगारी कुठलाही असो आणि त्याची भाषा कुठलीही. पांढऱ्याचे उदाहरण मी कामावर नव्याने आलेल्या मुलांना नेहमी दाखवते. ९०१० आणि ९०१६ हे दोन्ही पांढरेच. वेगवेगळे पाहिले तर कुणाला फरक सांगता येणार नाही, पण शेजारी ठेवले की पहिला किंचित पिवळसर आणि दुसरा स्वच्छ, थंड दिसतो. कॅब एका पांढऱ्यात आणि ट्रेलर दुसऱ्या पांढऱ्यात रंगवला तर ट्रेलर नवा असूनही कॅब जुनी वाटते. खेळात सहा अक्षरी संगणकी संकेत लिहायची चौकट दिली, शेजारी रॅलसारखी एखादी सूची दिली आणि आवडते रंग साठवायला एक कप्पा दिला, तर काम झाले. यासाठी कसलेही नवे तंत्रज्ञान लागत नाही.

क्रमांकाचा आणखी एक उपयोग माझ्या ताफ्यातल्याच एका मित्रामुळे मला कळला. त्याला लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत असा दोष सुमारे ८ टक्के जणांना असतो, स्त्रियांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास. रंगीत चौकोन त्याच्यापुढे ठेवणे म्हणजे त्याला त्या खोलीतून बाहेर काढण्यासारखेच आहे. आकडा असेल तर तो निर्धास्तपणे रंग निवडू शकतो, कारण रंगाचे नाव आणि क्रमांक वाचायला डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशींची गरज नसते.

पट्ट्यांचा प्रश्न मात्र खरोखर कठीण आहे, आणि तिथे निर्मात्यांची अडचण मला समजते. ट्रकचे त्रिमितीय शरीर संगणकात उलगडून सपाट केलेले असते आणि त्या सपाट चित्रावर रंग काढलेला असतो. शिवलेल्या सदऱ्यावर शिवणीपाशी कापडाचे पट्टे जुळत नाहीत, तशीच गत दरवाजा आणि कॅबचा कोपरा यांच्यामधल्या पट्ट्याची होते. शिवाय प्रत्येक कॅबची उलगड वेगळी, म्हणून उंच छताच्या कॅबसाठी काढलेले डिझाइन बुटक्या कॅबवर चालत नाही. तयार डिझाइन काही मॉडेलना मिळते आणि काहींना मिळत नाही, त्याचे कारण हेच.

पण सरळ पट्ट्यासाठी दुसरा रस्ता आहे. आमचे रंगारी जमिनीपासून उंची मोजतात, दोन टोकांना खुणा करतात आणि टेप ताणतात. पट्टा कॅबवरून, बाजूच्या झडपेवरून, ट्रेलरच्या पूर्ण लांबीवर एकाच उंचीने जातो. युरोपातल्या नेहमीच्या १३.६ मीटरच्या ट्रेलरवर तो एका बोटाने जरी उतरला तरी लांबून लगेच कळते. खेळातही असेच करता येईल: रंग उलगडलेल्या चित्रावर काढण्याऐवजी बाजूने, सिनेमाच्या प्रोजेक्टरसारखा गाडीवर टाकायचा. खेळाडूने रस्त्यापासूनची उंची आणि पट्ट्याची रुंदी सांगायची, मग कॅब कुठलीही असो, पट्टा त्याच उंचीवर येईल. समोरच्या गोलाईवर तो थोडा ताणला जाईल, पण तिथे टेप कापून थांबायची मुभा खेळाडूला द्यावी. आम्हीही तेच करतो.

पट्ट्यापलीकडची चित्रे काढायची तर आकारांचे थर एकावर एक चढवावेत, आणि ही पद्धत खेळांच्या दुनियेत नवी नाही. २००७ मध्ये आलेल्या फोर्झा मोटरस्पोर्ट २ मध्ये खेळाडू साधे आकार एकावर एक रचून मोटारींवर अफाट चित्रे काढत असत आणि रंगवलेल्या गाड्या लिलावात विकत असत. २०१७ च्या ग्रान टुरिझ्मो स्पोर्टमध्ये तर स्वतः काढलेले रेषाचित्र चढवायची सोय आली. शर्यतीच्या मोटारीला जे मिळाले ते ट्रकला का मिळू नये? ट्रकइतका मोठा, सपाट आणि रिकामा पृष्ठभाग तर मोटारीला कधीच नसतो.

यावर उत्तर येते की ट्रकच्या खेळात एकाच रस्त्यावर अनेक खेळाडू असतात, प्रत्येकाचे वेगळे चित्र पाठवायचे म्हणजे इंटरनेटचे जाळे आणि संगणकाची स्मृती दोन्ही कोलमडतील. हिशेब करून पाहू. ४०९६ गुणिले ४०९६ बिंदूंचे एक चित्र न दाबता ठेवले तर ६४ मेगाबाइट होते. वीस गाड्यांची वीस चित्रे पाठवणे खरेच अवघड आहे. पण चित्र पाठवायचेच कशाला? कृती पाठवावी. कुठला आकार, कुठे ठेवला, किती फिरवला, कुठला रंग, हे एका थरासाठी बत्तीस बाइटमध्ये मावू शकते. दोनशे थर धरले तरी साडेसहा किलोबाइटही होत नाहीत. समोरच्या संगणकाने ती कृती वाचून चित्र आपल्याकडे बनवावे, आणि गाडी लांब असेल तर लहान आकाराचे बनवावे. आमच्याकडेही रंगाचे डबे गावोगाव हिंडत नाहीत. सूत्र पाठवले जाते आणि ज्याच्या त्याच्या मिक्सिंग मशिनवर रंग तयार होतो.

दुसरी भीती अश्लील किंवा चोरलेल्या चित्रांची. ती रास्त आहे. छायाचित्र चढवू न देता फक्त आकार आणि अक्षरे दिली तर तो धोका बराच कमी होतो. ज्याला नको असेल त्याने इतरांच्या गाड्या साध्या रंगात पाहाव्यात, असे एक बटणही ठेवता येईल.

अक्षरांचा उल्लेख आला म्हणून सांगते. दारावर आपल्या वाहतूक कंपनीचे नाव लिहिल्याशिवाय ट्रक आपला वाटत नाही. ज्या थोड्या खेळांत नाव लिहिता येते तिथे मी देवनागरी लिहून पाहिले. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली आणि जोडाक्षरे पाय मोडून वेगवेगळी उभी राहिली. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सगळ्या लिप्या लिहिण्याच्या प्रमाण पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, आणि अक्षरांची योग्य जुळणी करणारे हार्फबझ हे मुक्त सॉफ्टवेअर फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड वापरतात. तेच खेळात जोडले तर देवनागरीबरोबर अरबी आणि थाई लिहिणाऱ्यांचेही काम होईल. आपल्या भाषेत सरळ, धडधाकट नाव लिहिलेला ट्रक चालवायला मिळावा ही माझी फार मनापासूनची इच्छा आहे.

प्रकाशपरावर्तक पट्ट्याही यात याव्यात. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियमांनुसार अवजड वाहनाच्या बाजूला पांढऱ्या किंवा पिवळ्या आणि मागे लाल किंवा पिवळ्या पट्ट्या लागतात. अमेरिकेत १ डिसेंबर १९९३ पासून बनलेल्या मोठ्या ट्रेलरवर लाल-पांढऱ्या पट्ट्या बंधनकारक आहेत. रात्री मागच्या गाडीच्या दिव्यांत त्या उजळून उठतात. खेळाडूने रंग काढताना त्या झाकल्या जाऊ नयेत, त्या सगळ्यांत वरच्या थरात राहाव्यात.

मॉड बनवणारे हौशी लोक आज ही सगळी उणीव आपल्या परीने भरून काढतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण खेळाची नवी आवृत्ती आली की त्यांचे काम अनेकदा मोडते, आणि चित्र संपादनाचे सॉफ्टवेअर, खेळातली चित्रे साठवणाऱ्या डीडीएस फाइली, कॅबची उलगड हे सगळे शिकायला सामान्य खेळाडूकडे वेळ नसतो.

हे सगळे एकदम होणार नाही, हे मला कळते. आधी रंगाच्या क्रमांकाची चौकट आणि आवडत्या रंगांचा कप्पा यावा. मग बंपर, आरसे, चॅसी, टाकी, चाके यांना वेगवेगळे रंग. त्यानंतर मेटॅलिकच्या सरकपट्ट्या आणि उजेडाची बटणे. प्रोजेक्टरचा पट्टा आणि थरांची कृती यायला आणखी वेळ लागला तरी चालेल, आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजायलाही मी आनंदाने तयार आहे.

आपल्याला एकच विनंती. पुरवणीत पुढच्या वेळी ट्रकच्या खेळाचे परीक्षण येईल तेव्हा परीक्षकाने थोडा वेळ गॅरेजमध्येही घालवावा. रंगाचा क्रमांक लिहिता येतो का, बंपर वेगळा रंगवता येतो का, केलेले काम साठवून दुसऱ्या गाडीवर नेता येते का, आणि दारावर मराठी नाव नीट उमटते का, एवढे वाचकांना सांगावे. वाचक हे विचारू लागले तर निर्मात्यांनाही त्याची दखल घ्यावी लागेल.

आपली,
शेड जुळवणारी एक वाचक